पाध्येसरांची तूर

पाध्येसरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विभागाच्या इमारतीमागे गवतात उकिडवे बसले होते आणि दाढीच्या ब्रशाने गव्हाच्या मुळांवरची माती झाडत होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. नवऱ्याची रेल्वेतली बदली बनारसला झाली म्हणून मी अकोल्याहून आले होते. शेतकीची पदवी गाठीशी होती आणि विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. मला वाटलं, हा माळी असणार. मोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, पाध्येसाहब कहाँ मिलेंगे?"

"इथं 'पाध्ये' कुणी नीट म्हणत नाही," मान वर न करता ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही मराठी. जरा बाजूला व्हा. तुमच्या सावलीत मुळांवरची लव दिसत नाही."

तासाभराने मुलाखतीच्या खोलीत तोच माणूस हात धुऊन, कोट चढवून टेबलापलीकडे बसलेला! बाकीच्यांनी रसायनशास्त्राचं काय काय विचारलं, मी काहीबाही उत्तरं दिली. सरांनी एकच प्रश्न विचारला: घरी कोथिंबिरीच्या मुळांचं काय करता? मी म्हटलं, स्वच्छ धुऊन आमटीत टाकते, वास छान येतो. सर शेजारच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "जड़ फेंकती नहीं हैं. रख लीजिए." आणि मला नोकरी लागली.

दामोदर पाध्ये हे काशीतच जन्मलेले. शिंदे घाटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचं तीर्थोपाध्येपण करायचे. ते चुलतभावाकडे गेलं आणि सर मातीत शिरले. लग्न केलं नाही. घरात ते आणि थोरली बहीण गोदाताई, दोघंच. ताई लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि आई गेल्यावर सरांना त्यांनीच वाढवलं होतं. दोघांचं मराठी ऐकायला मोठी गंमत यायची. "सुलभाबाई, ही बीकर तसल्लीने धुवा, जल्दी नको," असं सर म्हणायचे. ताई म्हणायच्या, "बैस गं, धूप कडक आहे, आधी पानी पी." दोन वर्षांत माझ्याही तोंडी भाजीऐवजी सब्जी यायला लागली आणि माझ्या सासूबाईंनी पत्रातून मला फैलावर घेतलं.

सरांची एक खोड सगळ्या विभागाला ठाऊक होती. मोजल्याशिवाय ते कशालाच हो किंवा नाही म्हणायचे नाहीत. आज उकडतंय ना सर, असं म्हटलं की आधी भिंतीवरचा तापमापक बघणार, मग "हो." चहा गोड झालाय का, याला उत्तर, "मापलेला नाही." विभागातल्या एका लेखनिकाने मुलीसाठी स्थळ पाहिलं होतं, मुलगा सरांच्या ओळखीतला. त्याने विचारलं, लड़का कैसा है? सर बराच विचार करून म्हणाले, "एक ही बार देखा है. एक नमूने से क्या कहें?" ते लग्न त्या उत्तरावाचूनही पार पडलं. सर जेवायला गेले आणि मुलाला दुसऱ्यांदा पाहून आले, तेव्हा म्हणाले, आता दोन नमुने झाले.

दुसरी खोड मंडईतली. ते मुळा घ्यायचे तो मातीसकट. भाजीवाली सकाळी गंगेवर मुळे लख्ख धुऊन आणायची, आणि सर तिच्यावर चिडायचे, की तू सगळी लव धुऊन टाकलीस. खिशातून भिंग काढून ते टोपलीवर वाकले की मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "ए गुरुजी, ई मुरई खाए के हौ कि पढ़े के?" हा मुळा खायचाय की वाचायचाय! सर म्हणाले, "दोन्ही." त्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी एक जुडी न धुता बाजूला ठेवायला लागली.

सरांचं सगळं आयुष्य एका प्रश्नाभोवती गेलं होतं. झाड मातीतून फॉस्फरस घेतं कसं? मी पहिल्या आठवड्यात म्हटलं, आमच्याकडे खताच्या पिशव्यांवर त्याला स्फुरद लिहितात. सरांनी हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. तीन-चारदा म्हणून बघितला, मग खूश होऊन म्हणाले, "स्फुरद! वा. हा तर संध्येतला वाटतो." पुढे ते तोच वापरायला लागले, अगदी हिंदीत बोलतानासुद्धा, आणि विद्यार्थी गोंधळून एकमेकांकडे बघायचे.

एकदा त्यांनी माझ्या अंगठ्याच्या नखावर शाईने एक ठिपका दिला. "हे मूळ. आता नत्र पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. मूळ बसल्या जागी पितं. स्फुरद असा येत नाही. तो मातीत भरपूर असतो, पण लाल मातीत लोखंडाला चिकटून बसतो, आपल्या गंगेकाठच्या मातीत चुन्याला. चुकून सुटला तरी चालतो किती? हा ठिपका आणि नखाची कड, बस. त्याच्या पलीकडचा स्फुरद या मुळाच्या काही कामाचा नाही."

"मग झाड काय करतं?"

"स्वतः उठून जातं! नवी मुळं काढतं, मुळांवर लव काढतं. काही झाडं मातीतल्या बुरशीशी दोस्ती करतात. बुरशीचे धागे लांबून आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. तुम्हाला वाटतं झाड एका जागी उभं आहे. वरून उभं आहे हो, खाली त्याची केवढी धावपळ चाललेली असते!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मला कामं पडलेली असूनही उठवत नसे.

आणि मग ते तुरीवर यायचे. लहानपणी वडिलांबरोबर ते मिर्झापूरच्या डोंगराकडे एका यजमानाकडे गेले होते. तिकडची माती लाल, बाजरी गुडघ्याएवढी, मका पिवळा-जांभळा पडलेला, आणि त्याच शेतात अरहर, म्हणजे आपली तूर, हिरवीगार उभी. दहा वर्षांच्या दामूने विचारलं, हिला कोण वाढतं? वडील म्हणाले, देव. त्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचा तर्क असा, की तुरीच्या मुळांतून काहीतरी आंबट रस सुटत असला पाहिजे; तो लोखंडाची पकड सैल करतो आणि जो स्फुरद इतर कुणाला मिळत नाही तो तुरीला मिळतो. विभागप्रमुखांना ही कल्पनाशक्तीची भरारी वाटायची. विभागाच्या नेटहाउसमध्ये, म्हणजे जाळीच्या रोपघरात, सरांना त्यासाठी जागा मिळाली नाही.

निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. चांगलं काही हाती लागलं तर दोन वर्षं मुदत वाढवून मिळेल, असं प्रमुखांनी सूचित केलं होतं. त्या दोन वर्षांत सरांना तो रस शोधून काढायचा होता. म्हणून त्यांनी प्रयोग आपल्या घराच्या गच्चीवर मांडला. माकडांच्या भयाने तिथे आधीच लोखंडी जाळी ठोकलेली होती. मिर्झापूरहून लाल माती आली. चोवीस कुंड्या झाल्या: बारा तुरीच्या, बारा मक्याच्या. निम्म्यांना सुपर फॉस्फेट, निम्म्यांना स्फुरद अजिबात नाही. पाऊस सोडला तर पाणी फक्त ऊर्ध्वपातित, तेही मी प्रयोगशाळेतून मोठ्या बाटल्यांत भरून रिक्षाने न्यायची. दर रविवारी सर प्रत्येक झाडाची उंची मोजायचे आणि मी वहीत लिहायची.

ज्येष्ठात पेरलं. बिनस्फुरदाचा मका अपेक्षेप्रमाणे खुरटला, पानं जांभळी झाली. बिनस्फुरदाच्या तुरीच्या सहाही कुंड्या सुरुवातीला मलूल होत्या आणि मग अशा उठल्या की काय सांगू! खत घातलेल्या तुरीच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. सर बोलत काही नव्हते, मोजणं संपायचं होतं ना, पण वीत-वीत वाढलेली ती झाडं मोजताना पट्टी दोन-दोनदा लावून बघायचे. मला त्या कुंड्यांच्या बुडाशी मुंग्या दिसायच्या. मी फडक्याने पुसून टाकायची. गच्ची आहे, मुंग्या असायच्याच, असं मला वाटलं आणि मी ते वहीत लिहिलं नाही. त्याची बोच मला अजून आहे.

आश्विनात झाडं कापली, वाळवली, जाळून राख विरघळवली, मोजली. आकडे बघून विभागप्रमुख स्वतः चालत सरांच्या खोलीत आले. निबंध लिहिला गेला, मोठ्या परिषदेत वाचायला मंजूर झाला. मुदतवाढीचा कागद टंकलेखनाला गेला. ताईंनी पेढे वाटले.

माघात, परिषदेच्या तयारीसाठी, सर उंचीचा आलेख काढत होते. मी समोर नळ्या धूत होते. एक नळी उपडी ठेवून मी वळून पाहिलं. त्यांनी पट्टी आलेखावर आडवी धरली होती.

"सुलभाबाई, बिनस्फुरदाची अरहर गुरुपौर्णिमेपर्यंत मलूल आहे. पुढच्या रविवारपासून एकदम उठली. आणि पोळ्याच्या अमावास्येनंतर तिचा वेग परत कमी झाला. सहाच्या सहा कुंड्यांत. असं का?"

मी म्हटलं, पाऊस असेल. ते म्हणाले, पाऊस खतवाल्या तुरीवरही पडला, मक्यावरही पडला. मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "पंचेचाळीस," ते म्हणाले आणि पट्टी खाली ठेवली. "आमच्या घरी श्रावण पंचेचाळीस दिवसांचा असतो."

मला उलगडा होईना. मग त्यांनीच सांगितलं. इकडच्या लोकांचा सावन पौर्णिमा झाली की सुरू होतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावास्या उलटल्यावर. काशीतल्या जुन्या मराठी घरांत एखादी बाई दोन्ही पाळते, न जाणो देवाचा खरा कुठला असेल. गोदाताई त्यातल्या. इकडचा लागला की सुरू, आपला संपला की बंद. आणि श्रावणभर त्या देवाला रोज दुधाचा अभिषेक करायच्या.

आम्ही दोघं तडक घरी गेलो. ताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सर त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"ताई, एक विचारू? श्रावणात अभिषेकाचं दूध तू कुठं घालतेस?"

"कुठं म्हणजे? तीर्थ पायदळी येऊ नये, नालीत जाऊ नये. झाडाच्या मुळाशीच घालायचं ना? तुळशीला किती घालू, तिला मुंग्या लागतात."

"मग?"

"तुझ्या त्या अरहरला घालायची. ती सहा बिचारी उपाशी दिसायची."

"मका पण उपाशी होता गं."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलास आणि हे कळत नाही? "मक्याचा नैवेद्य होतो का कधी? देवाला वरणभात लागतो. ज्याचा नैवेद्य, त्याच्या मुळाशी तीर्थ."

मला वाटलं, आता सर कोसळणार. पण त्यांचे डोळे चमकले! "किती घालायचीस? दाखव." ताईंनी देवघरातून फुलपात्र आणलं. सर ते खिशात घालून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन आले, मोजपात्राने त्यात पाणी भरून मापलं, दूध आणवून त्यातला स्फुरद काढला, पंचेचाळीसने गुणलं, सहाने भागलं. खतवाल्या कुंड्यांना आम्ही जेवढा दिला होता, जवळजवळ तेवढाच निघाला. "बघा, दुधातला पण घेतला हिने," ते म्हणाले. असं म्हणताना ते हसत होते. मग चष्मा काढून खूप वेळ पुसत राहिले. मला रडू आलं, म्हणून मी उगाच नळ सोडून उभी राहिले.

त्यांनी निबंध मागे घेतला. विभागप्रमुख म्हणाले, "पाधेजी, ज़रा-से दूध से क्या होता है? कौन जानेगा?" सर म्हणाले, "हमने नाप लिया है, साहब." मुदतवाढीचा कागद टंकलेखनातून परत आलाच नाही, आणि जूनअखेर सर निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत त्यांना शाल दिली, आणि त्यांनी भाषणात विभागाच्या तराजूचे आभार मानले.

ताईंना हे सगळं सरांनी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं आटलं. एरवी मी गेले की पानी पी, बैस, हे खा, ते खा. आता नुसतं भांडं पुढे करायच्या. एकदा जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, आईवेगळं पोर मी वाढवलं, आणि त्याच्या ताटात मीच माती कालवली." मी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं.

सरांना मात्र एकच सुचत होतं. आषाढ आला. तीच माती, जी मागच्या खेपेला निम्मी पोत्यांत शिल्लक होती, तेच बियाणं, त्याच कुंड्या घासूनपुसून. आता ना हुद्दा, ना विभाग. परिषदेला कोण बोलावणार होतं? मी एकदा चाचरत विचारलंसुद्धा, की सर, आता हे कुणासाठी? "कुणासाठी म्हणजे?" त्यांना प्रश्नच समजला नाही. "अरहर स्फुरद घेते की नाही, हे अजून माहीत नाही ना!" ताई काठी घेऊन गच्चीच्या दारात बसायच्या. माकडांसाठी म्हणायच्या, पण जाळी तर होतीच. कुणाला, अगदी मोलकरणीलासुद्धा, त्या कुंड्यांपाशी पाण्याचा तांब्या घेऊन जाऊ द्यायच्या नाहीत.

या खेपेला बिनस्फुरदाची तूर काही तशी उठली नाही. खतवाल्या तुरीच्या निम्म्यालाही पोचली नाही. पण मका जांभळा होऊन बसला तेव्हाही ती हिरवी होती. डोळ्यांना तेवढंच कळत होतं, आणि सर डोळ्यांवर विश्वास ठेवणारे नव्हते.

कापलेली झाडं मी जेवणाच्या सुट्टीत, थोडी थोडी करून प्रयोगशाळेत तपासली. शेवटच्या दिवशी मी सरांना बोलावलं. त्यांच्याबरोबर रिक्षातून ताई उतरल्या. सरांच्या नोकरीच्या तीस वर्षांत त्या विद्यापीठात कधी आल्या नव्हत्या. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी देवळाबाहेर काढावी तशी चप्पल काढली आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

तपासणीची रीत साधी असते. एका कुंडीतल्या सगळ्या झाडांची राख विरघळवायची, सगळ्यांचं पाणी सारख्या मापाचं करायचं, त्यात औषध घालायचं. जितका स्फुरद, तितकी निळाई. मी बिनस्फुरदाच्या मक्याच्या सहा नळ्या ठेवल्या: अगदी फिकट, आभाळ धुऊन काढल्यासारख्या. शेजारी बिनस्फुरदाच्याच तुरीच्या सहा ठेवल्या. त्या निळ्या होत्या. खतवाल्यांइतक्या गडद नव्हेत, पण कुणालाही दारातून कळावं इतक्या निळ्या. सरांनी यंत्रावर एकेक नळी लावली, आकडे घेतले, रिकामी नळी लावून पुन्हा घेतले. मग खाली बसले आणि म्हणाले, "घेते. स्वतःच्या हिंमतीने घेते." त्यांचा आवाज मला दहा वर्षांच्या मुलासारखा वाटला.

"यात दूध नाही ना?" ताईंनी दारातून विचारलं.

"थेंब नाही, ताई."

ताई पुढे आल्या. नळ्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे दामू, मागच्या साली पण हे असंच निघालं असतं? मी दूध घातलं नसतं तर?"

मी नळी पुसायची थांबले. उत्तर मला माहीत होतं, सरांनाही होतं. तीच माती, तेच बी. निघालं असतं. निबंध मागे घ्यावा लागला नसता, दोन वर्षं मिळाली असती, तो रसही कदाचित सापडला असता. सरांनी तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा थोडा वेळ घेतला.

"नाही गं," ते म्हणाले. "मागच्या साली माती नीट चाळलेलीच नव्हती. काही निघालं नसतं. तू दूध घातलंस काय, न घातलंस काय, बेकारच जाणार होतं."

"मापून सांगतोस?"

"मापून सांगतो."

ताई माझ्याकडे वळल्या. "होय का गं, सुलभा?"

ती माती मी माझ्या हातांनी चाळली होती. एकदा नाही, दोनदा. "हो ताई," मी म्हटलं. "खडे राहिले होते."

ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, चल मग, घरी कढी टाकायची आहे. सर माझ्याकडे न बघता त्यांच्या मागून निघाले. दारात त्यांनी वाकून बहिणीची चप्पल सरळ करून ठेवली. मी खिडकीशी गेले. खाली दोघं रिक्षात बसत होते. ताई बोलत होत्या, हातवारे करून, थांबायचं नावच नाही, आणि सर मान डोलवत ऐकत होते.